नाल्यावरचा ठोका

भांडुप स्टेशनला पश्चिमेकडे उतरून रिक्षावाल्याला आमच्या शाळेचं पूर्ण नाव सांगितलंत, तर तो तुमच्याकडे नुसता बघत राहील. नाव चांगलं भारदस्त आहे, फलकावर आहे, आणि ते फक्त दाखल्यावर लागतं. ‘बँडवाली शाळा’ म्हणा, तो काही न विचारता टेकडीची वाट धरेल. तीन मजले, चौदा वर्ग आणि मैदान नाही, अशी ती शाळा. मैदान नसलेल्या शाळेचा बँड म्हटल्यावर लोक हसतात. हसू देत. ज्यांच्याकडे मैदानं होती त्यांतल्या कित्येकांचे ढोल कपाटात गेले, आमचा अजून रस्त्यावर वाजतो.

तो वाजतो याचं कारण मालनमावशी. मालन शेजवळ, शाळेच्या सेविका. चौतीस वर्षं त्यांनी घंटा दिली, वर्ग उघडले, पाण्याच्या टाकीवर लक्ष ठेवलं, आणि त्यातली बत्तीस वर्षं बँड शिकवला. त्यांच्या नावापुढे बँडचा उल्लेख शाळेच्या एकाही कागदावर सापडणार नाही. मी शोधला आहे. त्यावरून एकदा हेडबाईंशी वादही घातला. मावशींनीच मला हाताला धरून ऑफिसबाहेर काढलं आणि म्हणाल्या, कागदावर नाव आलं की कागद मागणारे येतात, ढोल शिकायला कुणी येत नाही.

मी जान्हवी. याच शाळेत शिकले, आणि आता मुलुंडच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढते. आमच्या बँडचा मोठा ढोल मी पाच वर्षं वाजवला आहे, तेव्हा या विषयावर बोलायचा मला हक्क आहे, आणि नसता तरी मी बोलले असते.

बँड सुरू केला तो भाऊराव सरांनी, अठ्ठ्याऐंशी साली. हौस म्हणून नव्हे. तेव्हा टेकडीवरच्या चाळींतले वडील पहिल्या पाळीला बाहेर पडत, आया धुण्याभांड्याला जात, आणि मुलांना उठवून शाळेत धाडणारं घरात कुणी उरत नसे. शाळेची घंटा खालच्या गल्लीपर्यंत पोचायची नाही. पटावर साठ नावं आणि वर्गात पंचवीस डोकी. सरांनी पालकांना दोष दिला नाही. मुलं येत नाहीत तर शाळा त्यांना आणायला जाईल, एवढंच म्हणाले. लग्नाचा बँड मोडलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून त्यांनी एक मोठा ढोल, दोन साइड ड्रम आणि एक झांजेची जोडी आणली, बासऱ्या नंतर आल्या. रोज सकाळी पावणेसातला आठ मुलं ती वाद्यं घेऊन टेकडीखाली उतरायची आणि वाजवत वाजवत वर यायची. दारावरून बँड गेला की अंथरुणात लोळत राहणं शक्यच नव्हतं. पोरं शर्टाची बटणं लावत, तोंडात चपातीचा तुकडा घेऊन मागच्या रांगेत घुसायची. शाळेच्या दाराशी पोचेपर्यंत आठांची दीडशे झालेली असत.

वाटेत एक नाला होता. पिठाच्या गिरणीसमोर, दोन-अडीच फूट रुंद, उघडा, टेकडीवरचं सगळं पाणी घेऊन धावणारा. मोठी मुलं चालता चालता ढांग टाकून पलीकडे जायची. पहिल्याच आठवड्यात बँड शाळेत पोचला, मोजणी झाली, आणि पहिलीतली दोन चिमुरडी कमी निघाली. ती नाल्याच्या अलीकडे हात धरून रडत उभी होती आणि बँड आपल्या तालात पुढे निघून आला होता. सरांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नियम केला. आमच्या धुनेच्या चार ओळी आहेत. तिसरी ओळ नाल्यापाशी संपेल असा बँड निघायचा, आणि ती संपली की सगळी वाद्यं बंद. पाय जागच्या जागी चालू. सर पुढून ओरडून विचारायचे, “शेवटचा आला का?” मोठा ढोल म्हणूनच आमच्याकडे सगळ्या वाद्यांच्या मागे असतो. इतर शाळांचा मधे असतो, तो नियम त्यांच्यापाशी ठेवा. ढोलवाल्याने मागे बघायचं, मोठ्या मुलांनी लहानांना हात देऊन पलीकडे घ्यायचं, आणि शेवटचं पोर नाला ओलांडून आलं की ढोलावर एक ठोका. धूम. म्हणजे आला. मग चौथी ओळ.

मावशी शाळेत लागल्या ब्याण्णवला. झाडू मारता मारता त्या बँडचा सराव बघायच्या, वाद्यं पुसून ठेवायच्या. चौऱ्याण्णवच्या एका सकाळी सर आलेच नाहीत, त्यांना रात्री अर्धांगाचा झटका आला होता. वाद्यं घेऊन मुलं दारात उभी, शिक्षक एकमेकांची तोंडं बघतायत, कुणीतरी म्हणालं आज राहू द्या. मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि ढोलाची काठी घेतली. खाली पोरं उठून वाट बघत बसली असतील, एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी बँड पावणेसातला निघाला, आणि नाल्यापाशी सरांचा प्रश्न मावशींनी विचारला. त्यानंतर तो कधी राहिला नाही. सर पुढे काठी टेकत शाळेत येऊ लागले, खुर्चीत बसून ऐकायचे, पण बँड पुन्हा हातात घेतला नाही. म्हणाले, आता तो मालनचा आहे.

हे शाळेत सगळ्यांना पटलं. पटलं नाही ते मावशींच्या वडिलांना. त्यांच्या गावाकडे डफडं वाजवणं हे त्यांच्या वस्तीच्या माथी मारलेलं काम होतं. बोलावलं की जायचं, दाराबाहेर उभं राहून वाजवायचं, मिळेल ते घ्यायचं. त्यांच्या वडिलांच्या पिढीने धम्म स्वीकारला आणि त्या दिवशी डफडं टाकलं ते टाकलं. मुंबईत येऊन त्यांनी कारखान्यात नोकरी केली, पोरांना शिकवलं, आणि घरात ताटलीवर बोटं वाजवलेलीसुद्धा त्यांना खपत नसत. आता लेक गळ्यात ढोल अडकवून गल्लीतून जाते म्हटल्यावर ते तिच्याशी दोन महिने बोलले नाहीत. शेवटी विचारलं की आम्ही जे टाकून आलो ते तू उचललंस का. मावशींनी सांगितलं, तुम्ही टाकलंत ते दुसऱ्याच्या दारातलं होतं, हे माझ्या शाळेचं आहे, आणि याच्यामागे पोरं शाळेत येतात.

सव्वीस जानेवारीला ते इस्त्रीचा शर्ट घालून गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले. बँड समोरून गेला. पांढरे बूट, निळे पट्टे, ढोलामागे सव्वाशे मुलं.  संध्याकाळी मावशी घरी गेल्यावर ते म्हणाले, ढोलाचं कातडं ढिलं आहे, आवाज बसतो. पुढच्या रविवारी स्वतः शाळेत आले, दोऱ्या ओढून ढोल बांधून दिला, आणि मग मरेपर्यंत दर वर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी येत राहिले. मी त्यांना ढोल बांधताना पाहिलं आहे. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोललेलं त्यांना चालत नसे.

माझ्या हाती ढोल आला सहावीत. त्याआधी मी एक नंबरची चहाडखोर होते. कोण उशिरा आलं, कुणाची चप्पल तुटली, कोण कुणाच्या घराशी रेंगाळलं, सगळी बातमी माझ्याकडे. वर्गबाई वैतागल्या होत्या. मावशींनी माझ्याकडे बघून म्हटलं, हिला मागे बघायची खोड आहे, हिला ढोल द्या. मुलीने ढोल वाजवायचा म्हटल्यावर घरी आईने कपाळाला हात लावला. आम्ही मालवणकडचे. “चेडवान ढोल बडवूचो?” असं तिने तीनदा विचारलं. मावशी घरी आल्या, चहा प्याल्या, आणि आईला म्हणाल्या की ढोल हातात नाही दिला तर ही जन्मभर जिभेनेच बडवेल. आईला ते लगेच पटलं. एवढं लगेच पटायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

मावशींना नोटेशन येत नाही. त्या शब्दांवर शिकवतात. साइड ड्रमला “डबा कुठाय, डबा कुठाय, डब्यात काय”, झांजेला “ऊठ” आणि “चल”. आणि आमच्याकडे एक रीत आहे. दहावीचं पोर शाळा सोडताना आपलं वाद्य परत करत नाही, धाकट्या वर्गातल्या कुणाला तरी ते पक्कं शिकवून त्याच्या गळ्यात घालतं. ते वाजतंय असं मावशींनी मान हलवून सांगेपर्यंत निरोप समारंभाचा पेढा मिळत नाही. मला तो अकरा दिवस उशिरा मिळाला.

त्याच वर्षी, म्हणजे दोन हजार एक साली, नाला बुजला. वर स्लॅब पडला, पुढे फरशा बसल्या. तोवर सरही गेले होते. ओलांडायला काही नाही म्हणून मावशींनी विचारणं सोडलं, तरी मुलांनी एकमेकांना जसं शिकवलं तसं ते पुढे गेलं. तिसऱ्या ओळीनंतर एक मात्रा गप्प, मग ढोल, मग चौथी ओळ. नव्या मुलांना वाटायचं की धूनच तशी आहे. मावशींनीही कधी खुलासा केला नाही. पालक आता मुलांना रिक्षाने सोडतात, रोजचा बँड फक्त शनिवारवर आला आहे, पण शनिवारी गिरणीसमोर बँड एक मात्रा थबकतोच.

आणि तिथेच आमचं घोडं अडायचं. उपनगरातल्या शाळांची बँड स्पर्धा दर जानेवारीत होते. नव्वद साली पहिल्यांदा उतरलो तेव्हा भाऊराव सरांनी ऑफिसात आपल्या खुर्चीमागे एक खिळा ठोकला आणि सांगितलं, इथे पहिल्या नंबरची ढाल लागेल. चारदा आम्ही दुसरे आलो, सातदा तिसरे. परीक्षक दर वेळी बदलायचे, शेरा बदलायचा नाही. तिसऱ्या ओळीअखेर ताल खंडित. खिळा रिकामाच राहिला. मावशी दर शनिवारी तो फडक्याने पुसायच्या, रंगारी आले की आधी बजावायच्या की खिळा काढायचा नाही. एकतीस जानेवारीला त्या निवृत्त होणार हे ठरलेलं होतं. निरोपाला काय हवं असं हेडबाईंनी दिवाळीतच विचारलं, साडी की घड्याळ. मावशी खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, जाताना तो भरलेला बघायचा आहे. बाकी काही नको.

गेल्या जूनमध्ये शाळेत सम्यक सर आले. संगीत रीतसर शिकलेले, वय सत्तावीस, आवाज मऊ. मावशींनी महिनाभर त्यांना कोमट चहा देऊन पारखलं. माणूस तक्रार करत नाही हे बघून पुढे गरम दिला. सरांनी आमची धून पहिल्यांदा कागदावर लिहून काढली, आणि मग अगदी अदबीने म्हणाले, “मावशी, तिसऱ्या ओळीनंतर एक मात्रा जास्त आहे. ती काढली तर ढाल आपली आहे.”

मावशी दोन दिवस येता-जाता खिळ्याकडे बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी सरावाला सगळ्या मुलांना उभं केलं आणि सांगितलं की आजपासून तिथे थांबायचं नाही, सरळ चौथी ओळ.

मी शनिवारी मदतीला जाते. मला ते ऐकून असा राग आला की मुलांसमोरच बोलून बसले. तो ठोका भाऊराव सरांचा आहे, मावशी, तो काढणाऱ्या तुम्ही कोण, असं मी म्हणाले. हे शब्द मला आजही टोचतात. मावशींनी मला जिन्याखाली नेलं.

“नाला बुजला ना?” त्या म्हणाल्या. “मग आता कुणासाठी थांबायचं? आणि ठोका सरांचा, तसा खिळा पण सरांचाच. ठोका छत्तीस-सदतीस वर्षं वाजला. खिळा तेवढीच वर्षं रिकामा आहे. एकदा खिळ्याचं ऐकू दे मला.”

मी वर गेले आणि मुलांना पुन्हा रांगेत उभं केलं. 

दोन महिने मुलांनी जीव तोडून सराव केला. शेजारच्या सोसायटीने गच्ची दिली. सध्या मोठा ढोल नववीतल्या अक्षताकडे आहे, शांत मुलगी, हातात जोर आणि डोळ्यांत कायम थोडी काळजी. ट्रँगलला पाचवीतला सुयोग, सगळ्यांत लहान. आमचे पांढरे बूट शाळेचे असतात, वरून खाली येतात, त्यामुळे सगळ्यांत लहान पोराला हटकून सगळ्यांत मोठे बूट मिळतात. सुयोगच्या बुटांत मावशींनी पुढे चिंध्या भरून दिल्या होत्या.

स्पर्धा जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुलुंडच्या एका मैदानावर होती. एकोणीस शाळा. टेबलामागे तीन परीक्षक, त्यांतले एक पोलीस बँडमधून निवृत्त झालेले, पाठ अजून ताठ. मैदानाला तीन बाजूंनी फेरी मारून टेबलासमोर यायचं, धून तीनदा. आमचा नंबर बारावा. मी आणि मावशी दोरीबाहेर उभ्या होतो.

खोटं कशाला बोलू, मुलं सुरेख वाजवत होती. धून पहिल्यांदा वाजली, तिसऱ्या ओळीअखेर ती जागा आली आणि बँड पाण्यासारखा सरळ पुढे गेला. ताठ पाठीच्या परीक्षकांनी कागदावरून मान वर केली. मी मावशींचा चेहरा बघितला. त्या खिळ्याकडे बघतात तशाच मैदानाकडे बघत होत्या.

धून दुसऱ्यांदा वाजत असताना वळणावर सुयोगचा बूट निघाला. तो दोन पावलं तसाच चालला, मग मागे फिरला. बूट मातीत उलटा पडला होता, चिंध्या बाहेर आलेल्या. तो खाली बसून चिंध्या आत कोंबायला लागला, आणि बँड पुढे जात राहिला. दहा पावलं, पंधरा पावलं. पुढच्या कुणाला हे दिसणं शक्य नव्हतं. मागच्या रांगेत अक्षता होती. तिने मागे पाहिलं. ढोलवाल्याने मागे बघायचं असतं, आणि ही सवय मोड असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी ओळ संपली. ढोल वाजला नाही. अक्षताची काठी वरच्या वर राहिली.

आणि सगळा बँड थांबला. बासऱ्या ओठांवर, काठ्या हवेत, फक्त पाय जागच्या जागी. कुणी इशारा केला नव्हता. दोन महिन्यांचा सराव एकीकडे, आणि त्याआधी त्यांनी ज्यांच्याकडून वाद्य घेतलं, त्यांनी ज्यांच्याकडून घेतलं, ते सगळं दुसरीकडे. एक मात्रा गेली, दोन गेल्या. दिवसभर लोकांना श्वास रोखायला सांगणारी मी, माझा स्वतःचा श्वास कधी अडकला मला कळलं नाही. मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. सुयोगने चिंध्यांचा नाद सोडला, बूट काखेत मारला आणि एका मोज्यावर धावत सुटला. सात, आठ. तो रांगेत शिरला, ट्रँगल वर धरला, आणि अक्षताने काठी सोडली. धूम. चौथी ओळ अशी उठली की दोरीबाहेरची माणसं टाळ्या वाजवायला लागली.

ढाल अर्ध्या गुणाने गेली. शेरा तोच होता, फक्त या वेळी अधोरेखित. दुसऱ्या शाळेची मुलं ढाल डोक्यावर घेऊन नाचत होती आणि आमच्या मुलांनी तोंडं फिरवली होती. सम्यक सर कागद घडी करत राहिले, पाच वेळा घडी झाली तरी थांबेनात. अक्षता मावशींसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली की माझ्यामुळे गेली, तुमचा खिळा माझ्यामुळे राहिला.

मावशींनी तिला जवळ घेतलं नाही, रडूही दिलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “शेवटचा आला का?”

पंचवीस वर्षांत मी ते शब्द ऐकले नव्हते. अक्षताने तर जन्मात ऐकले नव्हते. तिने सुयोगकडे बघून मान हलवली.

“तोंडाने सांग.”

“आला.”

“मग ठोका बरोबर पडला,” मावशी म्हणाल्या. “जा, पाणी पी.”

परतताना बसमध्ये मुलांनी मला गाठून विचारलं की मावशी हे काय बोलल्या. मग मी त्यांना नाला सांगितला, ती रडणारी दोन पोरं सांगितली, पुढून ओरडणारे सर सांगितले. सम्यक सर पुढच्या सीटवरून वळून ऐकत होते. मला फार वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त अभिमान वाटत होता, आणि दोन्ही एकदम आलं की माझ्या डोळ्यांना धार लागते, ती लागली. मावशी खिडकीशी होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ढाल बघितलीस ना? केवढी जड होती. खिळा निघून आला असता.” 

सोमवारी सम्यक सरांनी धुनेचा कागद पुन्हा लिहायला घेतला. तिसऱ्या ओळीपुढे जागा रिकामी सोडली आणि मावशींना विचारलं की इथे किती मात्रा लिहू. मावशी फडकं पिळत होत्या. म्हणाल्या, ते मोजायचं नसतं, बघायचं असतं. सरांनी तसंच लिहिलं. कागद आता वाद्यांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे.

एकतीस जानेवारी शनिवारी आली. मुलांनी ठरवलं की मावशींना बँडच्या पुढे चालवत टेकडीखालून शाळेपर्यंत आणायचं. मावशींनी साफ नकार दिला. आयुष्यभर मी शेवटच्या पोराच्या मागे चालले, आज काय नवरदेवासारखं पुढे मिरवायचं, असं म्हणून त्या नेहमीच्या जागी मागे जाऊन उभ्या राहिल्या. साडी नवी, चप्पल जुनी. हेडबाई, सम्यक सर, मी आणि जुनी मुलं गल्लीत जमलो होतो. जुनी म्हणजे पन्नाशीला टेकलेलीसुद्धा. बँड सुरू झाल्यावर सगळे आपोआप मागच्या रांगेत घुसलो, आणि बघता बघता गल्ली भरली.

चढ पूर्वी कधी जाणवला नाही, पण मावशींच्या गुडघ्यांना तो जाणवतो. त्या दर दहा पावलांनी थांबत होत्या आणि थांबलोच नाही असं दाखवायला कुणाला तरी झापत होत्या. आम्हीही हळू चालून त्यांच्याबरोबर राहायला बघितलं, तर त्यांनी हाकलून दिलं, पुढे व्हा, रांग मोडते. आम्ही पुढे झालो. गिरणीसमोर पोचेपर्यंत त्या चांगल्या पन्नास-साठ पावलं मागे राहिल्या होत्या.

तिसरी ओळ संपली आणि बँड थांबला. मला वाटलं नेहमीसारखी एक मात्रा. एक गेली, पाच गेल्या, दहा गेल्या. पाय जागच्या जागी चालू, वाद्यं गप्प. समोरून आलेल्या रिक्षावाल्याने हॉर्न दिला, मग मुलांचे चेहरे बघून इंजिन बंद केलं. गिरणीवाला दारात आला. अक्षता काठी वर धरून मागे बघत होती. मग सगळीच गल्ली मागे बघायला लागली.

मावशींच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. त्या एक हात गुडघ्यावर ठेवून येत होत्या, मान खाली. वर बघितलं तर अडीचशे माणसं आपल्याकडे तोंड करून उभी. त्यांनी हाताने खूण केली, चला, चला. कुणी हललं नाही.

“शेवटचा आला का?” अक्षताने मोठ्याने विचारलं. शांत मुलगी, पण आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

मावशी फरशांच्या त्या पट्ट्यापाशी आल्या. खाली आता काही नाही, पाण्याचा आवाजसुद्धा नाही. त्यांनी साडीचा काठ किंचित उचलला, दुखऱ्या पायाने एक मोठी ढांग टाकली आणि अलीकडे आल्या.

“आले गं,” त्या म्हणाल्या. “वाजव.”